गाडी म्हणून लिंबू, घर म्हणून दूध

● चालू

“हिचं बॉनेट कुठंय?” पद्माकरांनी कॅराव्हॅनभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून विचारलं.

“हिला बॉनेट नसतं, बाबा,” त्यांचा जावई प्रबोध म्हणाला.

“मग इंजिन?”

“इंजिनही नसतं.”

“ड्रायव्हरची सीट तरी?”

“नाही.”

पद्माकरांनी हातातल्या तबकाकडे पाहिलं. हळद, कुंकू, अक्षता, खोबरेल तेलाची वाटी, नारळ, चार लिंबं आणि सिंगापूरच्या टेक्का मार्केटातून आणलेला झेंडूचा भलामोठा हार. “प्रबोधराव, मी बँकेत असताना आयुष्यभर वाहनकर्जं मंजूर केली. इंजिन नाही, बॉनेट नाही, ड्रायव्हर नाही, अशा वस्तूसाठी कोणी आलं असतं तर त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग घरच्यांना फोन केला असता.”

“बाबा, ही ओढायची असते. सुट्टीला जाताना मोटारीच्या मागे जोडतात. आत घर असतं.”

“घर!” प्रबोधची बायको सुचित्रा मागून म्हणाली. तिच्या बाजाराच्या ट्रॉलीत दुधाची पिशवी, पितळी पातेलं आणि बार्बेक्यूचा छोटा गॅस होता. “मी कालपासून सांगतेय. फोटोत ओटा आहे, बेसिन आहे, पलंग आहे. घराला लिंबू चिरडत नाहीत, बाबा. घरात दूध उतू घालवतात.”

“घराला चाकं असतात का?”

“मग गाडीला ओटा असतो का?”

शनिवारची सकाळ होती. पूर्व टोकाच्या पासिर रिसला समुद्राजवळच्या बंगल्यांमागचं एक मोकळं कार पार्क प्रबोधने दिवसभरासाठी भाड्याने घेतलं होतं. पांढरी स्वच्छ कॅराव्हॅन एका वर्षावृक्षाखाली उभी होती. तिच्या मागच्या बाजूला, दिव्याच्या खांबाच्या अलीकडे, जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचा एक चौकोन आखला होता. प्रबोधला करायचं एवढंच होतं : कॅराव्हॅन इथून त्या चौकोनात न्यायची. तीही ढकलून नाही, ओढून नाही. रिमोटने.

“पपा, युअर बॉस कमिंग व्हॉट टाइम?” ऋताने फोनमधून डोकं न काढता सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. ती तेरा वर्षांची होती आणि तिला इथे कोणीही विचारून आणलेलं नव्हतं.

“दहाला,” प्रबोध म्हणाला.

▼ मागे

सिंगापुरात कॅराव्हॅन नसतात. कोणी घेतलीच आणि घर मागे जोडून सुट्टीला निघालं, तर पश्चिमेच्या चोआ चू कांगला नाश्ता करून पासिर रिसला पोचेपर्यंत देश संपतो. तरीही हार्बरफ्रंटला एका उंच इमारतीत, केबल कार दिसते अशा खिडकीपाशी, प्रबोधचं ऑफिस होतं आणि तिथून कॅराव्हॅनचे मूव्हर विकले जात.

मूव्हर म्हणजे चाकांशेजारी बसवलेल्या दोन छोट्या मोटरी. बटण दाबलं की त्यांचे रोलर टायरवर घट्ट दाबून बसतात आणि चाक फिरवतात. मोटार सुटी केल्यावर एवढं मोठं धूड कोपऱ्यात लावायचं कसं, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. मालक बाजूला उभा राहून रिमोट दाबतो आणि घर गोगलगायीच्या चालीने आपल्या जागी जाऊन बसतं.

कंपनी अ‍ॅडलेडची. पण बंदर जवळ आणि पगार आटोपशीर म्हणून हेल्पलाइन सिंगापुरात. ती प्रबोध आणि त्याची सहकारी क्षिप्रा अशी दोघं चालवत. हेल्पलाइनवर काय विचारायचं, कुठल्या क्रमाने विचारायचं, हे सगळं प्रबोधनेच लिहून काढलं होतं. चिखलात रुतलेल्या, उतारावर घाबरलेल्या, बायकोशी भांडत असलेल्या असंख्य गोऱ्या माणसांना त्याने फोनवरून शांत केलं होतं. विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकवणारे असतात. हा दुसऱ्या देशातून शिकवत होता.

मूव्हरचं बटण त्याने स्वतः एकदाही दाबलं नव्हतं.

आणि मग मागच्या महिन्यात नवे साहेब, डग्लस, व्हिडिओ कॉलवर म्हणाले होते, “प्रबोध, ज्या देशात कॅराव्हॅन नाही तिथे आपलं ऑफिस का आहे, हे मला कोणी समजावून सांगेल का? मला तर हे सगळं अ‍ॅडलेडला हलवावंसं वाटतं. मी जकार्ताच्या प्रदर्शनाला जाताना एक दिवस थांबेन. तेव्हा पटवून दे.”

घरी हे सांगितल्यावर सुचित्रा म्हणाली होती, “मला बँकेत आत्ता कुठे टीम मिळालीय. ऋताची शाळा इथे. फ्लॅट इथे. अ‍ॅडलेडला तू जा. आम्ही तुला हेल्पलाइनवर फोन करत जाऊ.”

म्हणून प्रबोधने ही युक्ती काढली. प्रदर्शनासाठी चाललेली कॅराव्हॅन सिंगापूरच्या बंदरातून जाणारच होती. ती दोन दिवस उतरवून घ्यायची आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने ऐटीत चौकोनात लावून दाखवायची. सिंगापूरचं ऑफिस म्हणजे नुसता फोनवरचा आवाज नाही, हे एकदा दिसलं की झालं.

पुण्याहून मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांना ‘नवीन गाडी’ एवढेच दोन शब्द ऐकू आले होते.

▲ पुढे

“बाबा, ही आपली नाहीच मुळी,” प्रबोधने शेवटचा प्रयत्न केला. “कंपनीची आहे. परवा जकार्ताला चाललीय.”

“म्हणजे परदेशी चाललीय. मग तर केलीच पाहिजे,” पद्माकर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि गाडी कंपनीची असेल. नोकरी तुमची आहे ना? आज सगळं हिच्याच चाकांवर आहे ना?”

प्रबोधने घड्याळ पाहिलं. “बरं, पण लवकर,” तो म्हणाला. “आणि गाडी की घर ते तुम्ही दोघं ठरवा.”

पद्माकरांनी बँकेतल्यासारखा निकाल दिला. “चाकापर्यंत गाडी. चाकाच्या वर घर. खाली लिंबू, वर दूध.”

सुचित्रा उजवं पाऊल आधी टाकून आत गेली. खिडकीपाशी गॅस मांडून तिने पातेलं चढवलं. “बाबा, पूर्व कुठली?”

पद्माकरांनी फोनवरचं होकायंत्र उघडलं. “तुझी खिडकी आहे तीच पूर्व! उत्तम योग! दूध खिडकीच्या बाजूनेच उतू जाऊ दे.” सुचित्राने पातेल्याखाली चमचा सरकवून ते खिडकीकडे जरा कलतं केलं.

खाली पूजा सुरू झाली. हार पुढच्या दांड्याला बांधला. चाकं दोनच आणि पुढे टेकूचं एक चिमुकलं चाक, त्यामुळे एक लिंबू उरलं. ते ऋताच्या हातात आलं आणि तिने त्याचा वास घेत व्हिडिओ पाहणं सुरू ठेवलं.

“आता खरं यंत्र कुठलं ते दाखवा,” पद्माकर म्हणाले.

“ते काय, चाकाला टेकलेले रोलर,” प्रबोध म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डग्लससाहेबांचा मेसेज होता : लवकर आवरलं, टॅक्सीत बसतोय. तो वाचून प्रबोध डोळे मिटून उभा राहिला. तेवढ्या वेळात पद्माकरांनी खोबरेल तेलात हळदकुंकू कालवलं, डाव्या रोलरला आणि त्याखालच्या टायरला तळहाताने भरभरून फासलं, आणि उजवीकडे पोचेपर्यंत वाटी रिकामी झाली म्हणून तिकडे नुसतं एक बोट लावलं.

मग नारळ फुटला. मग पद्माकर प्रबोधसमोर येऊन उभे राहिले. “लगाम?”

“काय?”

“गाडीचा लगाम कुठंय? तुमच्या हातातलाच ना?” आणि त्यांनी रिमोटला गंध लावून वर चिमूटभर अक्षता वाहिल्या.

“आता सगळ्यांनी लांब व्हा,” प्रबोध म्हणाला. “सुचित्रा, बाहेर ये.”

“दूध तापत आलंय!”

“आत माणूस असताना हलवायची नसते.”

“एक वीतभर तर हलवायचीय,” पद्माकर म्हणाले. “लिंबू फुटलं की थांबा. इकडे लिंबू, तिकडे दूध, एकाच क्षणी. असं भाग्य कुठल्या गाडीला मिळतं?”

साहेबांची टॅक्सी कुठल्याही क्षणी येणार होती. प्रबोधने श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘पुढे’चं बटण दाबलं.

घर्र्र झालं. उजवं लिंबू चिरडलं. डावं तसंच राहिलं. तेल माखलेला डावा रोलर तेल माखलेल्या टायरवर नुसता गरागरा फिरत होता आणि टायर जागचा हलत नव्हता. उजवं चाक मात्र इमानेइतबारे पुढे निघालं. साहजिकच कॅराव्हॅन डावीकडे वळू लागली.

प्रबोधने बटण सोडलं.

कॅराव्हॅन वळतच राहिली.

◀ उत्तर

“थांबवा आता!” पद्माकर म्हणाले.

“थांबवलीय!”

“मग ती का जातेय?”

प्रबोधने रिमोटकडे पाहिलं. ‘पुढे’चं रबरी बटण खाली गेलं होतं ते वर येत नव्हतं. बटण आणि त्याच्या कडेच्या मधल्या फटीत अक्षतेचा एक दाणा, कुंकवाने लाल झालेला, पाचरीसारखा जाऊन बसला होता. त्याने नखाने काढायचा प्रयत्न केला. दाणा आणखी आत गेला.

“बाबा, मी हलतेय का?” खिडकीतून सुचित्राने विचारलं.

“तू उत्तरेला आहेस!” पद्माकर होकायंत्र बघत ओरडले. “हरकत नाही! उत्तर कुबेराची! चालेल!”

“अजून उकळी नाही आली!”

◀ पश्चिम

अशा वेळी काय करायचं हे प्रबोध रोज लोकांना सांगत असे. आता त्याला एकही वाक्य आठवेना. त्याने हेल्पलाइनला फोन लावला.

“गुड मॉर्निंग,” क्षिप्राचा मंजूळ आवाज आला. “आपली कॅराव्हॅन सध्या हलते आहे का?”

“क्षिप्रा, मी प्रबोध!”

“सर! झाला का डेमो?”

“चालू आहे. थांबत नाहीये! बटण अडकलंय, आणि सुचित्रा आत आहे!”

मग क्षिप्रा अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. कॅराव्हॅनचा अनुक्रमांक सांगता का?”

“क्षिप्रा!”

“सर, कॉल रेकॉर्ड होतो. तुम्हीच म्हणाला होतात, पंतप्रधानांचा फोन आला तरी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची.”

अनुक्रमांकाची पट्टी मागच्या बाजूला, अगदी खाली होती. प्रबोध उकिडवा बसला. पट्टी समोरून सरकत निघाली. तो उकिडव्यानेच तिच्याबरोबर चालू लागला. “सात... चार... थांब, झेंडूचं फूल अडकलंय... चार...”

“चार दोनदा का, सर?”

खिडकीतून सुचित्राला नवरा बदकासारखा चालत नजरेआड होताना दिसला. “प्रबोध, हे काय करतोयस?” ती ओरडली.

“पुढचा प्रश्न घे!” प्रबोध फोनमध्ये ओरडला.

“मुख्य स्विच बंद करून पाहिलात का? तो आत, पलंगाखालच्या कप्प्यात असतो.”

“सुचित्रा! पलंगाखाली स्विच आहे!”

“कप्प्याला कुलूप आहे!”

किल्ली प्रबोधच्या खिशात होती. तो खिडकीबरोबर चार पावलं धावला आणि किल्ली आत फेकली. आतून ‘डुबुक’ असा आवाज आला.

“कुठे पडली?”

“पातेल्यात!” सुचित्रा म्हणाली. “थेट! क्रिकेटमध्ये तुझा चेंडू कधी स्टंपला लागला नाही!”

“गॅस बंद कर आणि काढ!”

“दूध मध्येच उतरवत नाहीत,” बाहेरून पद्माकर ठामपणे म्हणाले. “एकदा ठेवलं की उतू जाईपर्यंत हात नाही लावायचा. आणि आता तू पश्चिमेला आहेस.”

◀ दक्षिण

“मग, सर, शेवटचा उपाय,” क्षिप्रा म्हणाली. “आपण रिमोट घेऊन कॅराव्हॅनपासून लांब जा. रेंज तुटली की ती आपोआप थांबते. पण रिमोट हातातून कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. हे जाड अक्षरात आहे.”

“जाड मीच केलंय!” प्रबोध म्हणाला, आणि पळत सुटला.

वर्षावृक्ष मागे पडला, सायकलींचा रस्ता आला, आणि मागची घरघर थांबली. प्रबोध वळला. कॅराव्हॅन निमूटपणे उभी होती. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

“प्रबोधरावऽऽ!” पद्माकर दोन्ही हात हलवत होते. “परत याऽऽ!”

“का?”

“खिडकी दक्षिणेला थांबलीय!”

“बाबा, दूध वर यायला लागलं!” सुचित्राचा आवाज.

“दक्षिणेला नाही उतू जायचं! फुंकर मार! प्रबोधराव, या लवकर, थोडी फिरवा!”

“लांबच थांबा, सर,” कानात क्षिप्रा म्हणाली.

प्रबोध चार पावलं पुढे आला. घर्र्र. कॅराव्हॅन वळू लागली. तो घाबरून चार पावलं मागे गेला. कॅराव्हॅन थांबली.

“अजून थोडी!” पद्माकर.

पुढे. घर्र्र.

“आपण अजून रेंजमध्ये आहात का?” क्षिप्रा.

मागे. शांत.

“उकळी आलीऽऽ!” सुचित्रा.

पुढे. घर्र्र.

एक चिनी जोडपं सकाळचं चालायला निघालं होतं. ते थांबलं. झेंडूचा हार, खिडकीतून येणारी वाफ, होकायंत्र हातात धरलेला वृद्ध, आणि समोर पुढेमागे होणारा, कानाला फोन लावलेला माणूस. हा नक्की कुठला सण आहे हे त्यांना कळेना. पण सण आहे हे उघड होतं. त्यांनी नम्रपणे मान झुकवली आणि कडेने निघून गेले.

आणि त्याच वेळी टॅक्सी आली.

◀ पुन्हा पूर्व

डग्लससाहेब उतरले. उंच, गोरे, पुसटशी दाढी, आणि चेहऱ्यावर आधीच ठरलेला निर्णय. सायकलींच्या रस्त्यावर उभा असलेला प्रबोध त्यांना दिसला. त्यांनी हात वर केला. “प्रबोध! ये इकडे!”

“इथूनच बोलू या, सर!” प्रबोध ओरडला.

“काय?”

“हवा छान आहे इथली!”

साहेबांनी कॅराव्हॅनकडे बोट दाखवलं. “मला ती चालवून दाखवणार होतास ना? मग तू तिथे का?”

नाइलाजाने प्रबोध पुढे आला. घर्र्र. साहेबांनी दचकून कॅराव्हॅनकडे पाहिलं. प्रबोध थबकला, मागे गेला. कॅराव्हॅन थांबली. साहेबांनी प्रबोधकडे पाहिलं.

“ही तुला पाहून सुरू होते?”

“पपा,” लिंबू हुंगत ऋता म्हणाली, “व्हाय यू डोन्ट जस्ट लीव्ह द रिमोट ओव्हर देअर, लाह? देन यू कम बॅक विदाउट इट, वॉट.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“जाड अक्षरात...” प्रबोध पुटपुटला आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने फोन बंद करून खिशात टाकला. ऋता उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातला रिमोट घेतला, केसांतली पिन काढली आणि एका झटक्यात तांदळाचा दाणा उडवला. बटण टुणकन वर आलं.

“ऋता बेटा,” पद्माकर काकुळतीने म्हणाले, “जरा एवढीच फिरव ना. पूर्वेपर्यंत.”

ऋताने चार पावलं पुढे येऊन ‘डावीकडे’ दाबलं. कॅराव्हॅन शहाण्या मुलीसारखी वळली, खिडकी पूर्वेला आली, ऋताने बोट उचललं, कॅराव्हॅन थांबली, आणि आतून “गेलंऽऽ!” असा आनंदाचा चीत्कार झाला. दूध खिडकीच्या बाजूने उतू चाललं होतं. पद्माकरांनी टाळ्या वाजवल्या. डग्लससाहेबांनीही वाजवल्या, कारण कोणीतरी वाजवत होतं.

सुचित्राने चिमट्याने किल्ली बाहेर काढली, पातेलं घेऊन ती खाली उतरली, वाटीभर दूध साखर घालून साहेबांच्या हातात दिलं आणि अगदी बँकेतल्या इंग्रजीत स्वागत केलं. साहेबांनी घोट घेतला. “थोडं लोखंडी लागतं,” ते म्हणाले.

“ए-टू मिल्क,” सुचित्रा म्हणाली.

■ थांबा

मग तो क्षण आलाच. साहेबांनी वाटी ट्रॉलीवर ठेवली, रुमालाने ओठ पुसले, आणि तेलकट लाल रोलरकडे, फुटलेल्या नारळाकडे, डाव्या टायरने जमिनीवर काढलेल्या लाल वर्तुळाकडे सावकाश पाहिलं.

“प्रबोध, तू ही याआधी किती वेळा चालवलीस?”

“आज पहिल्यांदाच, सर.”

“हं.”

“म्हणजे फोनवर भरपूर.”

“हं.” दुसरा ‘हं’ पहिल्यापेक्षा लांब होता. “वाईट वाटून घेऊ नकोस. पण हे काम जिथे लोकांना ही गोष्ट हाताळता येते तिथेच असायला हवं. अ‍ॅडलेडला दहा वर्षांचं पोरसुद्धा हे करतं. मी सोमवारी बोर्डाला तसं सांगतो.”

सुचित्राने पातेलं उचललं आणि ते कुठे ठेवायचं हेच ती विसरली. ऋताने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. पद्माकरांना साहेबांचं ऑस्ट्रेलियन उच्चारांचं इंग्रजी नीट कळलं नव्हतं, पण जावयाचा चेहरा कळला. “काय म्हणतायत?” त्यांनी विचारलं.

“बरं, रिमोट दे,” साहेब म्हणाले. “निदान तिला चौकोनात तरी लावू. बघ, कसं करतात ते.”

प्रबोधने टिश्यूने दोन्ही रोलर आणि टायर पुसून दिले. साहेब रिमोट घेऊन ऐटीत उभे राहिले, एक पाय पुढे, रिमोट छातीशी. चौकोन मागच्या बाजूला होता. त्यांनी ‘मागे’ दाबलं. कॅराव्हॅन सरळ, संथ, डौलात मागे निघाली. साहेबांनी प्रबोधकडे पाहून भुवया उंचावल्या.

आता, मागे येणारं वाहन दिसलं की पद्माकरांच्याने गप्प बसवत नाही. पुण्यात सोसायटीत दूधवाल्याचा टेंपो आला तरी ते बाल्कनीतून त्याला मागे घेत. ते लगबगीने कॅराव्हॅनच्या पलीकडे, जिथून साहेब दिसणार नाहीत आणि साहेबांना खांब दिसणार नाही अशा नेमक्या जागी जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले.

“कम, कम, कम, कम,” ते म्हणाले. “व्हेरी गुड. कम. नो प्रॉब्लेम. प्लेंटी जागा. कम, कम.”

इतका आत्मविश्वास असलेला आवाज डग्लससाहेबांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. त्यांनी बोट उचललं नाही. पद्माकरांच्या पद्धतीत ‘बास’ हा शब्द गाडी लागल्यावर म्हणायचा असतो.

करकर्रऽऽ कट्.

“बास,” पद्माकर म्हणाले.

सगळे पलीकडे धावले. दिव्याचा खांब होता तसाच होता. कॅराव्हॅनचा मागचा कोपरा मात्र आत गेला होता. चांगली पोहे खायची बशी मावेल एवढा. तिच्या मागच्या दिव्याखालच्या पट्टीचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते.

डग्लससाहेबांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग त्यांनी रिमोट पाठीमागे धरला, जसा मुलं चोरलेला लाडू धरतात.

“मी खरं तर फायनान्सचा आहे,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“आधीची कंपनी टाइल्सची होती. ही... ही मीसुद्धा कधी...”

“हो, सर.”

“बोर्डासमोर मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की मी कॅराव्हॅनमध्येच वाढलो.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “प्रबोध, प्रदर्शनाच्या गाडीला असं झालं, तर ते कोण बघतं?”

प्रबोधने सुचित्राकडे पाहिलं. सुचित्राने ऋताकडे पाहिलं. ऋता आकाशाकडे बघत होती. तिथून एक विमान चांगी विमानतळाकडे उतरत होतं.

“अ‍ॅडलेडला परत पाठवली तर वर्कशॉप बघतं,” प्रबोध सावकाश म्हणाला. “वर्कशॉप विचारतं, कोण चालवत होतं. मग ते बोर्डाकडे जातं.”

“आणि इथून पुढे गेली तर?”

“इथे मी बघतो. जुरोंगला एक दुरुस्तीवाला आहे. परवाच्या बोटीआधी कोपरा सरळ होईल. रंगसुद्धा.”

“आणि विचारतं कोण?”

“इथे कोणी विचारत नाही, सर. इथे कॅराव्हॅनच नसतात.”

समुद्रावरून वारा आला. हारातली एक पाकळी उडाली आणि साहेबांच्या बुटावर बसली. ते ती झटकायला वाकले, ते वाकलेलेच राहिले, आणि बराच विचार करून सरळ झाले.

“मला वाटतं,” ते म्हणाले, “या ऑफिसची जागा मोक्याची आहे.”

“काय म्हणतायत?” पद्माकरांनी पुन्हा विचारलं.

“राहू दे म्हणतायत, बाबा,” सुचित्रा म्हणाली आणि हातातलं पातेलं एकदाचं खाली ठेवलं.

साहेबांनी कोट झटकला, केस नीट केले. सिंगापूर ऑफिसची यशस्वी पाहणी झाली असा एक फोटो अ‍ॅडलेडला तातडीने जायला हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याला टेकून उभे राहिले. प्रबोधने फोन वर धरला आणि स्क्रीनकडे निरखून पाहिलं.

“थोडं डावीकडे, सर.”

साहेब सरकले.

“अजून थोडं. खांदा जरा वर.”

साहेबांनी खांदा वर केला, कोपर बाहेर काढलं, कोटाची बाजू पसरली.

“आता काहीच दिसत नाही,” प्रबोध म्हणाला. “हसा.”